बहात्तर फुटांवरून

मिग-२१ च्या मॉडेलच्या नाकात शिसं भरावं लागतं. पंख मागच्या बाजूला आणि चाकं तीन, त्यामुळे पुढे वजन घातलं नाही तर तयार झालेलं विमान मागे कलंडून शेपटीवर बसतं. गळाला लावायचे शिशाचे गोळे हातोडीने चेपायचे आणि नाकाच्या तोंडातल्या शंकूत ठासून बसवायचे. धडाचे दोन भाग एकदा चिकटवले की आत हात घालायला जागा नाही. म्हणून आधी सगळे तुकडे टेपने तात्पुरते जोडून, मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर विमान तोलून बघायचं. नाक खाली गेलं तरच चिकटवायला घ्यायचं.

मी बांधलेलं विमान मिग-२१ एफएल, प्रमाण एकास बहात्तर. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर तो १० सेंटिमीटरही भरत नाही. १९६४ साली ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तो मिगसाठीच. इंजिनं ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, आणि सांगाडा आपल्या नाशिकजवळ. माझे मामा तिथे रिव्हेटिंगच्या कामावर होते. लहानपणी डोक्यावरून विमान गेलं की आम्ही वर बघायचो, मामा मात्र कान द्यायचे.

या मॉडेलची खरी परीक्षा रंगात आहे. एफएल बरीच वर्षं उघड्या धातूचंच होतं. १९७१ च्या युद्धात त्यावर घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे चढवले गेले, पण मला हवं होतं ते चंदेरी. छलावरण रंगवताना चूक झाली तर वर दुसरा पट्टा देता येतो. चंदेरी रंग काहीच पोटात घालत नाही. सांध्यावरची लांबी नीट घासलेली नसेल, पॉलिश पेपरचा एखादा ओरखडा राहिला असेल, तर तो उन्हात ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून पाण्यात भिजवलेला आठशेचा, मग बाराशेचा, मग दोन हजारचा पेपर. त्यानंतर चकचकीत काळा थर, तो दोन दिवस वाळवायचा, आणि त्यावर एअरब्रशने चंदेरी रंगाचे इतके पातळ हात की पहिल्या हातानंतर काही झालं असं वाटूच नये. काळा खालून किती डोकावतो त्यावर धातूची छटा ठरते.

पहिला प्रयत्न मी जुलैत केला. बाहेर झड लागलेली, खिडकी बंद, आणि मला घाई. वर द्यायचं लॅकर हवेतल्या दमटपणामुळे दुधट पडलं. ते बिघडलेलं असतानाच मास्किंग टेप ओढली, तेव्हा डाव्या पंखावरचा रंग काळ्या थरासकट टेपला चिकटून आला. सगळं पुसून प्लास्टिकपर्यंत जावं लागलं. तेव्हापासून पावसाळ्यात मी फक्त कापाकापी आणि घासकाम करतो, रंगाला दिवाळीनंतर हात लावतो.

दुसऱ्यांदा रंग उत्तम बसला. आरशासारखा, सलग. मी तो मामांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाले, "छान आहे रे. पण हे भांडं झालं. एका साच्यातून काढलेलं. विमान पत्र्यांचं असतं."

मग त्यांनी सांगितलं. लाटलेल्या पत्र्याला रोख असतो. शेजारचे दोन पत्रे एकाच धातूचे असले, पण रोख वेगळा असला, तर उजेड दोघांवर वेगळा पडतो. शेपटीकडचा पत्रा इंजिनाच्या उष्णतेने तपकिरी-निळसर होत जातो. दुरुस्तीत बदललेलं झाकण शेजाऱ्यांपेक्षा नवं दिसतं. नाकातला शंकू आणि शेपटीचा शेंडा हिरवा, कारण तिथून रडार आणि रेडिओच्या लहरी जायच्या असतात, तिथे धातू चालत नाही. "आणि मळ कुठे दाखवायचा ते सांगतो. जिथे माणूस उभा राहतो तिथे."

घरी येऊन मी अकरा पत्रे टेपने वेगळे काढले. प्रत्येकासाठी त्याच चंदेरीत थेंबभर करडा, थेंबभर पांढरा, कुठे तपकिरी. फरक इतका थोडा की समोरून दिसूच नये, विमान हातात फिरवलं की एकेक पत्रा उजळावा आणि विझावा. ते पहिल्यांदा झालं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी ते कितीतरी वेळ दिव्याखाली नुसतं फिरवत बसलो.

इथे एका सवयीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पत्र्यांच्या सांध्यांत काळपट तैलरंग सोडून रेघा उठावदार करण्याची पद्धत आहे. मीही ती वर्षानुवर्षं वापरली. पण हिशोब करून बघा. किटवरची रेघ मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी बारीक असली, तरी खऱ्या विमानावर ती सात मिलिमीटरची फट होते. आवाजापेक्षा दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाला अशा फटी नसतात. मॉडेल आपण साधारण एक फुटावरून बघतो. म्हणजे विमान बहात्तर फुटांवरून. प्रवासात एका गावी चबुतऱ्यावर ठेवलेलं निवृत्त मिग दिसलं, तेव्हा मी पावलं मोजत तेवढा मागे गेलो. रिव्हेट दिसेनासे झाले, सांधे जवळजवळ मिटले. राहिले ते मोठे आकार, सावल्या, आणि उजेडाचे कमीजास्त तुकडे. आता काळ्याऐवजी मी करडा वापरतो, तोही फक्त हलत्या भागांच्या कडेला. बाकीच्या रेघांना हात लावत नाही. प्रदर्शनात शेजारच्या ठसठशीत मॉडेलांपुढे माझं विमान फिकं दिसतं, हे मला मान्य आहे. पण ते विमान दिसतं.

सगळ्यात शेवटी पिटो नळी. नाकापुढे आलेली ही नळी हवेचा दाब घेते आणि त्यावरून वेग कळतो. किटमधली नळी काडीसारखी जाड असते. मी इंजेक्शनच्या दोन सुया घेतो, जाड सुईत बारीक सुई सरकवून चिकटवतो, मग टोक तासतो. आधी लावली तर हात लागून वाकते, म्हणून डेकल, वार्निश, चाकं सगळं झाल्यावरच.

ती लावून मॉडेल पुन्हा मामांकडे नेलं. या वेळी त्यांनी ते खिडकीपाशी धरलं आणि सावकाश फिरवलं. पत्र्यांविषयी काही बोलले नाहीत. पंखाच्या मुळाशी मळकट केलेल्या जागेवर अंगठा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग नाकाकडे बघून म्हणाले, "उभं विमान आहे ना हे? मग पिटोवर टोपी कुठे आहे? उघडी ठेवलीस तर गांधीलमाशी घर करेल आत."

काल मी टिश्यू कागदाची दोन मिलिमीटर रुंद पट्टी लाल रंगात भिजवली आणि चिमट्याने त्या सुईभोवती गुंडाळली.