ग्राउंडचा पाय

फोनमधला इअरफोनचा जॅक बसवणं हे काम नव्हेच. काम आहे ते जुना जॅक काढणं. नवीन बसवायला चार डाग मारायचे, ते कुणीही मारेल. पण बोर्डाला जडलेला जुना जॅक उठताना त्याच्यासोबत बोर्डावरचं तांबं उठू नये, एवढ्यासाठी मी आयुष्यातल्या बऱ्याच संध्याकाळी खर्ची घातल्या आहेत. आणि परवापरवापर्यंत मला वाटत होतं की हे कोल्हापुरात माझ्याइतकं कुणाला जमत नाही.

खिशातल्या कापसानं चोंदलेल्या भोकांबद्दल मी बोलत नाही. तो दात कोरायच्या काडीनं निघतो आणि गिऱ्हाईक उगाच पाया पडतं. स्ट्रिपवर जॅक असलेले फोनही सोडा. दोन स्क्रू, एक कनेक्टर, झालं. मी बोलतोय ते थेट बोर्डावर झाळलेल्या जॅकबद्दल. असे जॅक बहुतेक स्वस्तातल्या फोनमध्ये असतात, आणि असा फोन दुकानात नेला की काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, "जाऊ द्या की काका, ब्लूटूथ घ्या."

तर हा जॅक. बारीक पाय आवाजाचे, एक माईकचा, एक त्याहून बारीक डिटेक्टचा. पिन आत गेली की नाही हे फोनला कळतं ते या डिटेक्टमुळं. आणि एक ग्राउंडचा पाय. माझं सगळं वैर या शेवटच्याशी. बोर्डाच्या पोटात ग्राउंडचं तांबं चहूकडं पसरलेलं असतं. तुम्ही पायाला ऊब द्या, तो ती पिऊन बोर्डभर वाटून टाकतो. कारखान्यातलं शिशाविना कथील 217 अंशांच्या पुढं पातळ होतं. सोल्डरिंगची इस्त्री लावून बसलात की बारीक पायांचं कथील केव्हाच पाणी झालेलं असतं आणि ग्राउंडचा पाय मात्र ढिम्म. इथं माणसाचा धीर सुटतो. तो चिमट्यानं जॅक जरा वर ओढतो. ग्राउंड येत नाही, डिटेक्टचा पॅड येतो. तिळाएवढा सोनेरी ठिपका जॅकच्या पायाला चिकटून वर. मग जंपर टाका, केसासारखी तार वार्निश खरवडून लावा, आणि देवाचं नाव घ्या. तो पॅड नीट लागला नाही तर फोन कायम हेडफोनच्या भ्रमात राहतो. वर चिन्ह दिसतं, आणि फोन आला की बोलणाऱ्याचा आवाज कुठंच येत नाही.

गरम वाऱ्याची गन वाढवून बघितली असं म्हणाल, तर शेजारीच माईक असतो. बारीक भोकाचा, पत्र्याच्या टोपीचा. त्याला गरम वारा सोसत नाही. एक काम करायला गेलं की दुसरं निघतं.

माझी पद्धत जुनी, टेपरेकॉर्डरच्या काळातली. मी त्या पायावर शिसं असलेलं कथील भरपूर ओततो. ते 183 ला वितळतं आणि कारखान्यातल्या कथलात मिसळून त्यालाही खाली ओढतं. जाड टोकाची इस्त्री, पेस्ट, आणि थांबणं. कथील आधी राखाडी दिसतं, कडेनं सुरकुततं, मग एका क्षणी त्यावर खिडकीचा उजेड पडतो. त्या क्षणाच्या आधी चिमटा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. जॅकनं आपणहून हललं पाहिजे. हे मला शिकवलं गुजरीतल्या एका सोनारानं, तेही न सांगता. मी त्याचा रेडिओ द्यायला गेलो होतो आणि तो साजाचं पान झाळत होता. टाकणखार लावला, पण फुंकणीची ज्योत सांध्यावर नाही, सगळ्या पानावर फिरवत राहिला. सांधा शेवटी आपोआप पळाला. मी रेडिओचे पैसे घ्यायचे विसरून तिथं उभा होतो.

या धीराचा मला गर्व होता, लपवत नाही. भिंग लागायचं नाही. समोर कुणी बसलं असेल तर मी मुद्दाम बोलत बोलत काम करायचो, म्हणजे त्याला कळावं की इकडं लक्षही द्यावं लागत नाही. लक्ष सगळं तिकडंच असायचं.

गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, चहा कमी करा. कोल्हापुरात साठीच्या मेकॅनिकला चहा कमी करा सांगणारा डॉक्टर बाहेरगावचाच असणार. इस्त्री धरली की तितकं जाणवत नाही, पण चिमटा हलतो. आणि माझी सगळी विद्या तर चिमटा न हलवण्यात होती.

मग भाची आली. कळंब्याच्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेली. तिनं स्वतःच्या पैशानं एक तापती पाटी आणली, तळहाताएवढी. बोर्ड खालून सव्वाशे अंशांपर्यंत ऊन करायचा. वरून बिस्मथचं कथील, जे 138 ला वितळतं. ग्राउंडच्या तांब्याला प्यायला आधीच ऊब दिली की ते वरची ऊब चोरत नाही. मी पेला खाली ठेवायच्या आत जॅक तिच्या चिमट्यात होता, आणि खाली सगळे पॅड जसेच्या तसे.

सोनारानं केलं तेच हे. सगळं पान तापवायचं. मी इतकी वर्षं ती गोष्ट सांगत फिरलो आणि बोर्ड मात्र एका कोपऱ्यातूनच तापवत राहिलो.

मी लगेच म्हणालो, "बिस्मथ ठिसूळ असतं. रोज पिन आतबाहेर होणार, डाग तडकेल." हे खरं आहे. पण मी ते खरं आहे म्हणून म्हणालो नव्हतो. ती म्हणाली, "मामा, विकनं पुसून परत शिशाच्या साठ-चाळीस कथलानंच मारलाय." पुसलेलंच होतं. वर नव्या जॅकमध्ये जुन्या इअरफोनची कापलेली पिन घालून मग डाग मारले होते तिनं, म्हणजे प्लॅस्टिक मऊ पडलं तरी आतल्या पत्त्या जागा सोडत नाहीत. ही खुबी माझी. ती तिनं उचलली होती आणि मला सांगितलंही नव्हतं.

लोक विचारतात, आता कशाला हे. आयफोननं 2016 लाच भोक बुजवलं, मागोमाग बऱ्याच जणांनी. एक गोष्ट नीट चालत असताना काढून टाकायची आणि तिला पुढारलेपणा म्हणायचं, हे मला अजून पचलेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या पाटीवरची जाडजूड पिन लहान होत होत रेडिओत आली, 1979 ला वॉकमनमध्ये आली, आणि शंभर वर्षांत तिचं तत्त्व कुणाला बदलावं लागलं नाही. असं दुसरं काय आहे तुमच्या फोनमध्ये?

आणि आमच्याकडं जॅक जिवंत ठेवायला आणखी एक कारण आहे. फोनमधल्या एफएमला इअरफोनची तार हीच एरियल. जॅक मेला की रेडिओ मेला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगा गावात शिरली, हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली गेला. अशा वेळी राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, 39 फुटांचा इशारा ओलांडला का, 43 फुटांचा धोका ओलांडला का, एवढंच प्रत्येकाला हवं असतं. टॉवर गेला, लाइट गेली, की ते कळायला रेडिओ उरतो. 2023 मध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांना सांगितलं की फोनमधला एफएम बंद करू नका, आपत्तीत लागतो. बरोबर सांगितलं. पण तार लावायला भोक ठेवा, हेही कुणीतरी बजावायला हवं होतं.

पुराचे फोन मी पुष्कळ उघडले. गाळ सुकला की जॅकमध्ये पिवळी पूड बसते, ती निघते. निघत नाही ती हिरवट बुरशीसारखी तांब्याची राख. डिटेक्टच्या पत्तीवर थोडा व्होल्टेज असतो, म्हणून ओल मिळाली की आधी तीच खाल्ली जाते. म्हणजे जो पॅड सगळ्यात नाजूक, तोच आधी कुजलेला, आणि शेजारी ग्राउंडचा पाय पहिल्यासारखाच दणकट. अशा बोर्डावर तापती पाटीही हात टेकते. तिथं अजून थांबावंच लागतं. हे लिहिताना मला बरं वाटतंय, हेही खरं.

दुकानदार पोरांना मी नावं ठेवतो, पण त्यांचंही खोटं नाही. सबबोर्ड आख्खा बदलला की दहा मिनिटांत गिऱ्हाईक बाहेर. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि 1920 ला 'सैरंध्री' सिनेमा काढला, ज्या गावच्या उद्यमनगरात नमुना दाखवला की सुटा भाग ओतून मिळायचा, तिथं पोरगा "पार्ट येत नाही" म्हणतो तेव्हा त्याला निदान थोडी लाज वाटावी. भाची म्हणते, लाजेवर भाडं निघत नाही.

सध्या आमची वाटणी अशी आहे. ग्राउंडचा पाय मी, बारीक पाय ती. थरथरत्या हाताला जाड काम चालतं. पाटीचं तापमान मी पाच अंश कमी ठेवतो, ती माझी पाठ वळली की वाढवते. परवा चिखलीचे एक आजोबा जॅक करून घ्यायला आले. फोन घेऊन एफएम लावला, कानाला लावून बघितलं आणि म्हणाले, "मामांच्या हाताची बातच और." त्या फोनचं काम सगळं तिचं होतं. मी काही बोललो नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, बिलात 50 रुपये वाढवले आणि ते स्वतःच्या डब्यात टाकले.