नादारीची यादी

आपल्या घरांत काय काय आहे हें मनुष्यास स्वतःलाहि सहसा ठाऊक नसतें. तें कळण्याचे प्रसंग दोनच: एक वाटणीचा आणि दुसरा नादारीचा. पहिला आम्हीं लहानपणीं पाहिला; दुसरा पाहण्याचा योग सुमारें वीस वर्षांपूर्वीं उमरीस, आमच्या काकांच्या घरीं आला.

काकांचा कापसाचा व्यापार होता. लागोपाठ तीन हंगाम भाव पडले, दिलेली उचल बुडाली आणि घेतलेलें कर्ज व्याजानें फुगलें. शेवटीं वकिलांच्या सल्ल्यानें नांदेडच्या न्यायालयांत नादारीचा अर्ज करावयाचें ठरलें. अर्जासोबत मालमत्तेची यादी हवी. घरांत इंग्रजी शिकलेले आम्हीच. तेव्हां लेखणी आमच्या हातीं आली.

बुडालेला व्यापारी भर दिवसा दारांत दिवा लावून बसे, त्यावरून 'दिवाळें' हा शब्द निघाला, असें सांगतात. व्युत्पत्ति कशीहि असो, तींतला भाव खरा आहे: लपविण्याजोगें आतां कांहीं उरलें नाहीं, या आणि पाहा. १९२० चा नादारीचा कायदा हेंच कागदावर करवितो. निदान पांचशें रुपयांचें देणें असल्यास अर्ज करतां येतो. मात्र प्रत्येक सावकाराचें नांव, आपली प्रत्येक वस्तु, तिची किंमत आणि ती कोठें आहे, हें सर्व सांगावें लागतें. बुद्ध्या लपविल्यास एक वर्षापर्यंत कैद. उलट दिवाणी जप्तींतून जें सुटतें तें येथेंहि सुटतें: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण, कारागिराचीं हत्यारें, कुणब्याचीं औतें आणि बैल, आणि धर्माचाराप्रमाणें स्त्रीस उतरतां न येणारा दागिना. अपवाद फक्त हिशेबाच्या वह्यांचा. साध्या जप्तींत त्या वाचतात, नादारींत वाचत नाहींत. १८७५ सालीं पुणें आणि नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यानंतर १८७९ च्या दक्खनी शेतकऱ्यांच्या कायद्यानें त्यांस नादारीची वाट करून दिली. ऋणकोपासून घ्यावें, पण तो पुन्हां उभाच राहूं नये इतकें घेऊं नये, हा विचार दोन्हीं कायद्यांत दिसतो.

आम्ही ओसरीवर बसून लिहूं लागलों. काकूंचें मंगळसूत्र, परात, तवा, घोंगड्या हें वगळलें. लोखंडी कपाट, दुकानाची गादी, दोन पितळी हंडे हें लिहिलें. तागडीपाशीं लेखणी थबकली. सुताराची करवत कायदा सोडतो, व्यापाऱ्याची तागडी सोडीत नाहीं. काकांनीं ती एकदां उचलून पाहिली आणि खालीं ठेवली. "लिही," एवढेंच म्हणाले.

राहिला आजोबांचा सोन्याचा गोफ. तो चोरीच्या भयानें काकांनीं दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं ठेवावयास दिला होता. ही गोष्ट त्यांस आणि आम्हांसच माहीत. आम्हीं आवाज उतरवून म्हटलें, "काका, तो तुमच्या घरांत नाहींच. असूं द्या आमच्याकडे. म्हातारपणीं तुम्हांसच उपयोगीं पडेल." हें बोलणें प्रेमाचें होतें, पण सर्वस्वीं प्रेमाचें नव्हतें. काकांस मूलबाळ नव्हतें, आणि तो गोफ पुढें कोणाकडे राहणार याचा हिशेब आमच्या मनानें आधींच केला होता.

काका रागावले नाहींत. म्हणाले, "बाबा, ह्या गावानं लुटीचा बी हिशेब ठिवला. आपल्या घरचा खोटा द्यायचा का?"

उमरीच्या मनुष्यास याचा खुलासा लागत नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं, दिल्लींत महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशीं, निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनीं येथील बँक लुटली. तो पैसा लढ्यासाठीं होता, आणि त्याचा हिशेब त्यांनीं चोख ठेवला. काका तेव्हां पोरवयाचे होते. ती गोष्ट ऐकत गावांतलीं कित्येक पोरें वाढलीं. आम्हीहि ऐकली होती, पण वर्गांत सांगण्यापुरतीच.

गोफ यादींत शेवटीं लिहिला गेला. 'कोठें आहे' या रकान्यांत आम्हांस आमचेंच नांव लिहावें लागलें, आणि तें लिहितांना हात कांपला हें कबूल केलें पाहिजे. पुढें गोफ विकला गेला. काका नादार ठरले, आणि कांहीं वर्षांनीं वारले; परंतु बाजारांतून जातांना त्यांनीं कोणास पाहून तोंड चुकविल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं.

त्या यादीची एक नक्कल आमच्या मेजाच्या खणांत अजून आहे. काकांचें होतें नव्हतें तें सर्व तींत उतरलें आहे. आमच्याजवळ त्या दुपारीं जें निघालें, त्यास मात्र तींत रकाना नव्हता. तें आज येथें लिहून ठेवितों.