कुंभारमाशीचे बिऱ्हाड

आदिलाबादेतील आमचे मातीचे जुने घर पाडून सिमेंटचे बांधले, तेव्हा भिंतींतल्या बिळांचे एकांडे रहिवासी बेघर झाले. पुढल्याच पावसाळ्यात कुंभारमाशीने विजेच्या सॉकेटची भोके चिखलाने लिंपली. घरच्यांनी फवारणीचा आग्रह धरला. आम्ही बांबू आणला. एका टोकाला पेर राखलेल्या, करंगळीहून बारीक पोकळीच्या वीतभर लांब २० नळ्या कापल्या आणि पाऊस लागणार नाही अशा पूर्वेच्या वळचणीला आडव्या बांधल्या.

फाब्र (१८२३–१९१५) या फ्रेंच निरीक्षकाने या माशीची तऱ्हा वर्णिली आहे. ती आधी छताला धाग्याने अंडे टांगते, मग डंखाने बधिर केलेल्या अळ्या भरते. अन्न ताजे राहावे म्हणून त्यांना मारीत नाही. सरकारी गोदामांत असा साठा आम्ही क्वचितच पाहिला!

दुसऱ्या नळ्यांत पाने कातरणाऱ्या माशीने गुलाबाच्या पानांचे अस्तर लावले. याच जातकुळीच्या माश्या तुरीच्या फुलांवर राबतात, आणि आपल्याकडे कपाशीत तुरीची ओळ असतेच. पिले उडाल्यावर नळी बदलावी, अन्यथा जुनीत बुरशी व परजीवी माजतात.

आज १४ नळ्यांची तोंडे बंद आहेत. फवारणीची बाटली मात्र अजून फडताळातच आहे.