शेपटीचे आकडे

आमच्या वर्गात ‘लायब्ररी’ म्हटले की हल्ली कुणाला पुस्तके आठवत नाहीत. लिनक्सवर अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती फंक्शनांची सामायिक पेटी आठवते. खरी फाइल ‘लिबहजेरी.एसओ.२.१.०’ अशी लांब शेपटीची. प्रोग्राम मात्र ‘लिबहजेरी.एसओ.२’ एवढेच नाव मनाशी धरून बसतो. त्या नावाचा दुवा त्याला खऱ्या फाइलीकडे नेतो.

ही नावे लिब्टूल घडविते. त्याला आम्ही ३:०:१ दिले होते. म्हणजे करार तिसरा, त्यात अद्याप दुरुस्ती नाही, आणि मागचा एक करारही पाळला जाईल. तीनातून एक वजा, म्हणून नावात आधी दोन! हिशेब तिरपागडा आहे खरा.

यंदा एक जुने फंक्शन काढायचे ठरले. मित्र म्हणाला, “आपली आवृत्ती १.५, तोच आकडा घाल की!” मी हटून बसलो. आवृत्ती माणसांना सांगायची. हा आकडा म्हणजे प्रोग्रामला दिलेला शब्द. गेल्या वर्षीच्या मुलांचा प्रोग्राम कार्यालयात रोज चालतो, नि त्याची मूळ संहिता आमच्यापाशी नाही. २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० निघाले, तेव्हा शेपटीतल्या १.१ चा ३ झाला, तो काय हौसेने? जुने प्रोग्राम नव्या फाइलीला बिलगू नयेत म्हणून.

आम्ही ४:०:० दिले. आता २ नि ४ शेजारी नांदतात. “जुनी पुसू का?” धाकट्या वर्गातल्या एकाने विचारले. माझ्याआधी तो कानडी मित्रच म्हणाला, “हळेदू इरली!”