पाऊण तास कुणाला द्यायचा?

मंडळी, महिनाभर इथे शांतता आहे म्हणून काही जणांनी इनबॉक्समध्ये विचारपूस केली. एकाने तर सरळ विचारलं, "काय साहेब, घाबरलात की मॅनेज झालात?" दोन्ही नाही. वेळेचा हिशेब मांडला आणि गप्प बसलो, एवढंच.

नोकरी लोअर परळला. अँटॉप हिलला घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. मग जेवण, मुलीचा अभ्यास, आईची औषधं. दहा ते पावणेअकरा हा पाऊण तास माझा. काही लिहायचं तर तेव्हाच.

2025 च्या ऑगस्टमध्ये हा पाऊण तास कुठे जातो याची मी रोज वहीत नोंद ठेवली. दादरचा कबुतरखाना, भक्ती पार्कजवळ अडकलेली मोनोरेल, आझाद मैदान. सगळे विषय महत्त्वाचेच. पण 31 पैकी 22 रात्री मी दुसऱ्यांच्या पोस्टखाली भांडत होतो. त्यातलं एक वाक्य आज आठवत नाही.

हे सगळ्यांचंच होतं. मला लागलं ते वेगळंच.

आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. चाळीस वर्षं हिंदू कॉलनीत धुणीभांडी केली. नवरा गिरणीत होता, 1982 च्या संपानंतर परत कामावर गेलाच नाही. ती गल्ली आता पुनर्विकासात चाललीय. मे महिन्यात मी म्हणालो होतो, "मावशी, खोल्या पाडायच्या आधी सगळं लिहून काढतो. कोण कुठून आलं, नळ कधी आला, संपात कुणी कुणाला उधार दिलं." त्या खूश. शेजारच्या चौघींनाही सांगून ठेवलं त्यांनी.

सप्टेंबरात रेशन दुकानाशी भेटल्या. "काय रे, आमचं लिहिणार होतास ना? तुझी आई तर म्हणते, रोज रात्री फोनवर लिहीत असतो. चौघींतल्या दोघी गेल्या बघ. एक विरारला, एक गावाला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन ठरवलं, यापुढे चालत जाऊन बघता येईल तेवढंच लिहायचं. मित्राला हे सांगताना अण्णाभाऊ साठेंचा दाखला दिला. माटुंगा लेबर कॅम्प काही इथून लांब नाही. तिथे राहताना अण्णाभाऊंनी तिथल्या डासांवर गाणं रचलं होतं. मित्र वस्ताद. म्हणाला, "आणि स्टालिनग्राडचा पोवाडा? तिथे काय चालत गेले होते?"

गप्प झालो. बरोबर होतं त्याचं. प्रश्न जवळचं की लांबचं हा नाहीच. अण्णाभाऊंनी डास घेतले तर त्यांचं गाणं केलं, स्टालिनग्राड घेतलं तर अख्खा पोवाडा उभा केला. हातात घेतलं ते तडीला नेलं. मी दहा विषयांना हात लावत होतो, एकही पुरा करत नव्हतो, आणि वर त्याला जागरूकता म्हणत होतो.

यात तोटा आहे, लपवत नाही. एखादी मोठी घटना घडते, सगळे बोलतात आणि आपण गप्प, याची टोचणी लागते. चांगली माणसं गप्प बसली की भलत्यांचं फावतं, हेही खरं. म्हणून मतदान, सही, मोर्चा यात मी आहेच. तिथे माझी हजेरी पुरते. लिहायला मात्र पाऊण तासच आहे, आणि ही गल्ली मी लिहिली नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही. कबुतरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आतापर्यंत नऊ घरांचं लिहून झालंय. विरारच्या काकूंशी रविवारी फोनवर बोललो, तासभर बोलल्या. गावी गेलेल्यांचा नंबर अजून मिळालेला नाही.

तुमच्यापैकी कुणाचे आईवडील त्या गल्लीत राहिले असतील, कुणाकडे जुना फोटो, गणपतीची वर्गणीची पावती, काहीही असेल, तर मला कळवा. खाली वाद घालू नका, मी उत्तर देणार नाही. रविवारी सकाळी दहाला घरी या, चहा घेऊ.

मावशींची खोली डिसेंबरात रिकामी होणार आहे.