क्रमशः

माझा मामा १९६६ साली डॉक्टर म्हणून वेल्समधल्या कार्डिफला गेला. पहिलं वर्षभर तो एका कुटुंबाच्या घरी, वरच्या मजल्यावर खोली भाड्यानं घेऊन राहत होता. शनिवारी संध्याकाळी घरची मंडळी त्याला खाली चहाला बोलवत, पण एक अट असे: ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीवरची, काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरची मालिका सुरू झाली की कुणी अवाक्षर काढायचं नाही. घरातला तेरा वर्षांचा मुलगा टीव्हीसमोर फतकल मारून बसलेला असे. शेजारी रिळांचा टेपरेकॉर्डर, हातात माईक, आणि तो माईक टीव्हीच्या स्पीकरला जवळजवळ चिकटवलेला. पंचवीस मिनिटं कुणी हलत नसे. बशीत कप ठेवल्याचा आवाज टेपमध्ये जाईल म्हणून मामा कप हातातच धरून बसायचा. आज तो शहाऐंशी वर्षांचा आहे. ही आठवण सांगताना अजूनही त्याचा उजवा हात कप धरल्यासारखा हवेत थांबतो.

त्या मुलाचं पुढे काय झालं, मामाला माहीत नाही. पण तो करत होता त्या कामाचं मोल पुढे फार मोठं ठरलं. त्या काळी टेप महाग होत्या, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कुणी मागेल असं बीबीसीत फारसं कुणाला वाटत नव्हतं. त्यामुळे ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसून त्या टेपांवर दुसरंच काही भरलं गेलं. काही भागांच्या फिल्म पुढे देशोदेशींहून परत मिळाल्या, तरी जवळपास शंभर भागांचं चित्र हरवलेलंच राहिलं. आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे. तो वाचवला तो घरोघरी माईक धरून बसलेल्या अशा चाहत्यांनी. १९६६च्या ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ या कथेचे सहाच्या सहा भाग गेलेले होते. बरोबर पन्नास वर्षांनी, २०१६मध्ये, चाहत्यांनी टिपलेल्या आवाजावर नवी चित्रं काढून ती कथा पुन्हा उभी राहिली.

गेल्या नोव्हेंबरात मी कार्डिफला मामाकडे होते. त्या आठवड्यात त्या घरात जे भांडण ऐकलं, त्याचा विचार करताना मला सारखा तो माईक आठवतो.

भांडणाचं कारण ताजं होतं. २०२३पासून ‘डॉक्टर हू’ डिस्नेच्या भागीदारीत तयार होत होतं. ३१ मे २०२५ला सीझनचा शेवटचा भाग लागला. डॉक्टर दर काही वर्षांनी नव्या नटाच्या रूपात येतो; त्या भागात शूटी गाट्वाचा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी उभी राहिली बिली पायपर, म्हणजे २००५मध्ये डॉक्टरची सोबतीण झालेली नटी. हे कसं, का, याचं उत्तर मिळालं नाही. ऑक्टोबरात डिस्नेसोबतची भागीदारी संपल्याचं बीबीसीनं जाहीर केलं. तेव्हापासून चाहत्यांत एकच प्रश्न धुमसतोय: आता पुढे काय? जुनंच चालू ठेवायचं, काही वर्षं थांबायचं, की रीबूट करायचं? इथे रीबूट म्हणजे आधीची सगळी कथा झालीच नाही असं धरायचं आणि पहिल्या पानापासून नव्यानं लिहायचं.

मामाच्या घरात या तिन्ही पक्षांचा एकेक माणूस आहे. माझी मामेबहीण, ताई, १९७०ची. तिचा डॉक्टर टॉम बेकर, तोच तो लांबलचक पट्टेरी स्कार्फवाला. बेकरचा मूळ स्कार्फ विणणाऱ्या बाईंना वेशभूषाकारानं गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोकर दिली होती. त्यांनी ती सगळी विणून टाकली आणि स्कार्फ जमिनीवर लोळायला लागला. तसाच स्कार्फ मामीनं ताईला विणून दिला होता. तो अजून डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवलेला आहे. ताईची मुलगी १९९६ची. तिचा डॉक्टर डेव्हिड टेनंट. मुलगा सोळा वर्षांचा, जोडी व्हिटाकर डॉक्टर झाली तेव्हा शाळेत जाणारा.

भाचा म्हणाला, “मावशी, सगळं पुसून परत पहिल्यापासून करायला पाहिजे. माझा मित्र विचारतो, कुठून बघायला लागू? मी काय सांगू त्याला?” त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. साठ वर्षांवरचा पसारा आहे. डॉक्टरचा ग्रह नष्ट झाला, मग वाचला, मग पुन्हा नष्ट झाला. २०२०मध्ये त्याच्या जन्माची कथाच बदलली. २०२४च्या सीझनला नव्यानं ‘पहिला’ असा क्रमांक दिला, तर तेवढ्यावरूनही चाहत्यांत जुंपली. एवढं ओझं नव्या मुलानं का उचलायचं, असं त्याचं म्हणणं.

भाची म्हणाली, आता थांबा. १९८९ ते २००५ मालिका बंद होती, मधे १९९६चा एक चित्रपट सोडला तर. त्या थांबण्यानं भूक वाढली, म्हणून पुढचं चांगलं झालं. ताईला दोन्ही मान्य नव्हतं. “थांबलं की माणसं विसरतात आणि पुसलं की मी खोटी ठरते,” ती म्हणाली. आवाज चढले. भाचा उठून खोलीत गेला.

टीव्हीवरच्या मालिकेसाठी घरात एवढं? असं बाहेरच्याला वाटेल. मला वाटलं नाही. ज्या गोष्टीसोबत माणूस लहानाचा मोठा होतो, तिच्यावर त्याचा हक्क कागदावर नसला तरी असतोच. आणि या मालिकेभोवतीचं भांडण तिच्याइतकंच जुनं आहे. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना तिच्यात बटबटीत डोळ्यांचे राक्षस नको होते. तरुण निर्माती व्हेरिटी लँबर्टनं डालेक नावाचे राक्षस आणलेच. न्यूमन संतापले, प्रेक्षक खूष झाले, आणि त्या डालेकांवरच मालिका तरली.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती १९८६ची गोष्ट. बीबीसीच्या एका कार्यक्रमात चाहत्यांना मालिकेच्या लेखकांशी बोलायची संधी दिली होती. लिव्हरपूलच्या चाहता मंडळातला सोळा वर्षांचा एक मुलगा बोलायला उभा राहिला आणि त्यानं लेखकांना तोंडावर सांगितलं की लेखन सुमार आहे. त्याचं नाव ख्रिस चिबनॉल. २०१८मध्ये मालिकेची सूत्रं त्याच्याच हाती आली. त्यानं पहिली स्त्री डॉक्टर आणली, डॉक्टरच्या जन्माची कथा बदलली, आणि मग सोळा-सोळा वर्षांची मुलं त्याच्या लेखनावर तुटून पडली. २००५मध्ये मालिका परत आणणारे रसेल टी. डेव्हिस, पुढे ती चालवणारे स्टीव्हन मॉफट, डॉक्टर झालेले डेव्हिड टेनंट आणि पीटर कपाल्डी हे सगळे आधी चाहतेच. मालिका बंद पडली होती तेव्हा डेव्हिसनी तिच्यावर कादंबरी लिहिली होती. म्हणजे ही गोष्ट आज ज्यांच्या हातात असते, ते काल तिच्यासाठी भांडत होते. भाचा खोलीत निघून गेला तेव्हा मला तो लिव्हरपूलचा मुलगा दिसला.

सगळंच भांडण मात्र प्रेमाचं नसतं. जुलै २०१७मध्ये जोडी व्हिटाकरचं नाव जाहीर झालं तेव्हा पीटर डेव्हिसन आणि कॉलिन बेकर या दोन माजी डॉक्टरांचंही एकमत झालं नाही. मुलग्यांचा एक आदर्श गेला, असं एकाला वाटलं. दुसऱ्यानं ते खोडून काढलं. हा सभ्य माणसांचा मतभेद झाला. पण ती बाई आहे म्हणून तिच्यावर जी गरळ ओकली गेली, तिला मी मतभेद म्हणणार नाही. स्त्री डॉक्टरची सूचना तर खुद्द न्यूमन यांनीच १९८६मध्ये केली होती.

त्याच व्हिटाकरच्या पहिल्या सीझनमध्ये ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग आला. तारीख ११ नोव्हेंबर २०१८, लेखक विनय पटेल. फाळणीची रेघ ओढली जात असताना एक हिंदू तरुण आणि एक मुसलमान तरुणी लग्न करतात, आणि तरुणाचा सख्खा भाऊ त्याच्या जिवावर उठतो. डॉक्टर तिथे आहे, पण तिला काही करता येत नाही. झालेलं बदलता येत नाही, फक्त साक्षी राहता येतं. त्या रात्री मामानं मला पुण्याला फोन केला. “आपली माणसं आली की गं त्यात,” एवढंच म्हणाला आणि बराच वेळ गप्प राहिला. खरं तर आपली माणसं पहिल्या दिवसापासून होती. १९६३च्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौचे. नवं येऊच नये म्हणणाऱ्यांना मी हा एक भाग दाखवीन.

मग मी रीबूटच्या बाजूची का नाही?

कारण नवं होण्याची रीत या गोष्टीनं स्वतःच शोधलेली आहे. १९६६मध्ये पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, आजारी असत. काम झेपेना. मालिका बंद करायची किंवा गुपचूप दुसरा नट उभा करायचा, हे दोन सोपे मार्ग होते. मालिका करणाऱ्यांनी तिसरा काढला. थकलेला म्हातारा जमिनीवर कोसळतो, चेहरा उजळतो, विरतो, आणि तिथे पॅट्रिक ट्राउटन असतो. माणूस वेगळा, स्वभाव वेगळा, पण आठवणी त्याच. तेव्हापासून डॉक्टर मरता मरता नवा होत आला आणि मागचं काही विसरला नाही. हे रूपांतर ज्या भागात झालं तो भागही पुसला गेला. त्यातले ते काही क्षण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात दाखवले गेले, म्हणून वाचले.

रीबूटमध्ये चेहरा नवा येईल, आठवणी जातील. जी एक गोष्ट या मालिकेला इतर कुठल्याही मालिकेपेक्षा वेगळी करते, तीच काढून टाकायची? बीबीसीनं एकदा टेपा पुसल्या. ते अज्ञानानं झालं. आता समजून उमजून दुसऱ्यांदा पुसू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण भाच्याचा प्रश्न खराच आहे, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. २००५ आणि २००६ ही दोन वर्षं मी नोकरीनिमित्त कार्डिफलाच होते. २६ मार्च २००५ला ‘रोझ’ हा भाग लागला. दुकानात काम करणारी एक साधी मुलगी, तिला तळघरात भेटलेला एक विचित्र माणूस. बस. मागच्या सव्वीस सीझनमधलं काहीही आधी माहीत असायची गरज नव्हती. नऊ वर्षांची भाची सोफ्यामागे लपून बघत होती आणि तिला सगळं कळत होतं.

पुढच्या वर्षी २९ एप्रिलला ‘स्कूल रीयुनियन’ लागला. एका शाळेत रात्री एक बाई शोध घेत फिरते. एका अंधाऱ्या खोलीत तिला डॉक्टरचं काळयान, ती निळी पोलीस पेटी, दिसते आणि ती मागे सरकते. ती डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन होती, म्हणजे एलिझाबेथ स्लेडन. १९७६मध्ये मालिकेतून गेलेली. ताई तेव्हा सहा वर्षांची होती. आता छत्तीसची ताई सोफ्याच्या कडेवर आली होती, तोंडावर हात, डोळ्यांतून पाणी. भाचीनं विचारलं, “आई, ही कोण?” आणि ताई सांगू लागली. भाग संपला तरी ती सांगतच होती. भाचीला आईचं लहानपण त्या रात्री पहिल्यांदा कळलं असावं. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं असतं, तर ‘ही कोण’ हा प्रश्नच आला नसता आणि सांगायला काही उरलं नसतं.

म्हणून माझं मत असं: नव्या मुलाला दार हवंय, घर पाडायची गरज नाही. रसेल डेव्हिस यांनी २००५मध्ये दार बसवलं आणि मागच्या खोल्या तशाच ठेवल्या. ज्याला जावंसं वाटलं तो हळूहळू आत गेला. गेल्या काही वर्षांत ते दार बुजत आलंय, हे भाच्याचं म्हणणं ताईनं ऐकायला हवं. ते मोकळं करायला भिंती पाडाव्या लागत नाहीत, हे भाच्यानं.

निघायच्या आदल्या रात्री तो आपणहून खाली आला. मित्राला आधी कुठला भाग दाखवू, विचारू लागला. पुन्हा तिघांचं जुंपलं, पण या वेळी कुणी उठून गेलं नाही. शेवटी २००७च्या ‘ब्लिंक’वर एकमत झालं. त्यात डॉक्टर फार थोडा वेळ दिसतो आणि आधीचं काही ठाऊक असावं लागत नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल: मालिका, नाटक, पुस्तक, जिच्यावरून दोन पिढ्या हमरीतुमरीवर येतात. भांडा, मोकळेपणानं भांडा. फक्त समोरच्याला विचारा की तुला ती कधी आणि कुणाबरोबर भेटली, आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. आणि ज्यांच्या हाती ती गोष्ट पुढे नेण्याचं काम आलंय त्यांना माझी एवढीच विनंती आहे: हवं ते बदला, पण आधीच्यांनी जपलेलं पुसू नका. खाली ‘क्रमशः’ लिहा आणि पुढचा भाग सुरू करा.