अर्धा चमचा मोहरी

३ मे २०२४, शुक्रवार
म्हापशाचा बाजार. सकाळी साडेसातलाच ऊन डोळ्यांवर येत होतं. मानकुराद आंब्यांचे भाव ऐकून पुढे सरकले. आज मला हवी होती ती घोटं, म्हणजे रायवळ आंबे. लिंबाहून थोडी मोठी, रेषाळ, निम्मी कोयच. एका आजीने टोपलीच्या तळातून निवडून दिली. "सांसव करपाक?" सांसव करायला का, असं तिनेच विचारलं. हो म्हटल्यावर दोन जास्तीची पिशवीत पडली. सोबत एक अननस आणि हंगामातल्या शेवटच्या काळ्या द्राक्षांचा एक घड.

५ मे, रविवार
सांसव बिघडलं. सगळं आधी उरकून ठेवावं म्हणून सकाळीच नारळ, सुक्या मिरच्या, मोहरी एकत्र मिक्सरला लावलं आणि गंधासारखं मऊ होईपर्यंत फिरवत राहिले. भांडं हाताला ऊन लागत होतं. दुपारी फळांत कालवलं, तर झणका नाही आणि जिभेच्या मुळाशी कडवटपणा. आईने एक घास खाल्ला, वाटी बाजूला ठेवली. म्हणाली, "मोहरी शेवटी घालायची गं. दोन फेरे, बस्स."

रात्री तिच्याजवळ बसून सगळं नीट विचारून घेतलं. तिचं म्हणणं किती खरं आहे! मोहरीच्या दाण्यात झणका तयार नसतोच. दाणा फुटला, पाणी लागलं, की आतलं विकर कामाला लागतं आणि तो तिथे जन्माला येतो. दाणे फार भाजले किंवा गरम पाणी घातलं, तर विकरच मरतं. आणि आलेला झणका उडून जाणारा. ठेवला की विरतो. विज्ञानाची पुस्तकं न वाचता आईने हे रगड्यावर, नाकाने ओळखलं होतं. आता तिच्या मनगटांना रगडा फिरवणं झेपत नाही. तो मागच्या पडवीत पालथा पडलाय, याचं मला फार वाईट वाटतं.

८ मे, बुधवार
पुण्याहून भाचा आला. फ्रूट सॅलड म्हणजे त्याच्यासाठी कस्टर्ड. "मावशी, फळांत मोहरी?" त्याचा चेहरा बघून मी त्याला शब्दापासून सांगितलं. सांसव म्हणजे कोंकणीत मोहरी, संस्कृतातला सर्षप. आंबा मूठभर, मोहरी अर्धा चमचा, तरी पदार्थाला नाव मोहरीचं. मिरची आणि अननस तर दूरच्या अमेरिकेतले, पोर्तुगिजांच्या काळात इथे उतरले आणि आईच्या सांसवात असे मिसळले की परके वाटत नाहीत. अननस कच्चा दुधात घातला की कडू होतं, हे त्याला घरच्या कस्टर्डवरून ठाऊक होतं. इथे दूधच नाही.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया
पुन्हा बाजार, पुन्हा घोटं. आज पानं मांडेपर्यंत वाटणाला हात लावला नाही. घोटं सोलून हातानेच कुस्करली, कोयी तशाच ठेवल्या. खरी चव कोयीलाच चिकटलेली असते. अननसाचे बारीक तुकडे, अख्खी द्राक्षं, किसलेला गूळ, मीठ. गुळाला पाणी सुटलं तेव्हा एका नारळाचा चव आणि तीन बेडगी मिरच्या थंड पाण्यात वाटल्या. मोहरी अगदी शेवटी. दोन फेरे. झाकण काढलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

आई बाहेरच्या खोलीत होती. तिथूनच म्हणाली, "आता झालं. वाढ लवकर."

भाच्याने पहिल्या घासाला नाक दाबलं, दुसऱ्याला काही बोलला नाही. मग भात बाजूला सारून कोय चोखत बसला, कोपरापर्यंत रस ओघळेपर्यंत. आईने आपल्या वाटीतली कोय उचलून त्याच्या पानात ठेवली.